साडूंचं टॅबचं बटण

माझ्या साडूंइतका घाईचा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे ही सगळी घाई ते खुर्चीत बसून, मनगटसुद्धा न हलवता करतात. कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात ते कॉम्प्युटरची खोली सांभाळतात. समोर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि हाताखाली फक्त कीबोर्ड. माऊस त्यांनी कपाटात कोंडून ठेवलाय. "हात उचलला की विचार तुटतो बघा," हे ते मला दर भेटीत ऐकवतात. कॉम्प्युटरला द्यायचा हुकूम, म्हणजे लांबलचक कमांड, टाइप करून झाल्यावर पहिल्याच शब्दात चूक दिसली, तर तुमच्या-माझ्यासारखा माणूस बाणाचं बटण दाबत एकेक अक्षर मागे सरकत बसेल. साडू कंट्रोलबरोबर ए दाबतात आणि थेट ओळीच्या सुरुवातीला जाऊन उभे राहतात. कंट्रोलबरोबरच ई दाबलं की ओळीच्या टोकाला. डब्ल्यू दाबलं की मागचा शब्द गायब. एकदा मी त्यांच्यादेखत बाणाचं बटण वापरलं, तर त्यांनी तोंडच फिरवलं. त्यांना बघवेना.

हे सगळं कारखान्यात ठेवून माणसाने घरी यावं की नाही? एका लग्नात ते वराच्या मामांना "तुमी अगदीच माठ" असं बोलून गेले. मामांची मान वळायच्या आत "कंट्रोल डब्ल्यू! अगदीच साधे हाय," असा शब्द बदलून साडू जिलबीकडे वळले. पण त्यांचं खरं लाडकं बटण टॅबचं. पहिली दोन-तीन अक्षरं लिहून ते दाबलं, की उरलेला शब्द कॉम्प्युटर आपणहून पुरा करतो. साडू माणसांचेही शब्द असेच पुरे करत. शेवगावचे एक पाहुणे सांगू लागले, "आमचे वडील काल गे..." "गेले? अरारा! लई वाईट झालं," म्हणत साडूंनी त्यांचा हात हातात घेतला. "अवो, गेवराईला गेलेत!" पाहुणे ओरडले. आमच्या अक्कांचं, म्हणजे साडूंच्या बायकोचं, तर एक वाक्य त्यांनी कधी धड पुरं होऊ दिलं नाही. अक्का "अवो, भा..." म्हणाल्या की हे पिशवी घेऊन भाजीला निघालेच. "मला भांडी म्हनायचं हुतं!" असं अक्का मागून ओरडायच्या आणि मग स्वतःच हसत बसायच्या.

गेल्या वर्षी अक्कांना अर्धांगाचा झटका आला. हात हळूहळू सावरला, पण वाचा गेली. मनात सगळं शाबूत आहे, शब्द तेवढा तोंडाशी येऊन अडकतो. नगरच्या डॉक्टरांनी साडूंना बजावलं, "त्यांचा शब्द त्यांनाच शोधू द्या. तुम्ही पुरवत गेलात, तर त्या शोधायचं सोडून देतील, आणि मग वाचा परत यायची नाही." मला अक्कांची काळजी होती आणि तितकीच साडूंची. ज्यांना बाणाचं बटण सोसत नाही, त्यांना हे कसं जमायचं?

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. साडूंनी स्वतः चहा केला आणि तिघांपुढे कप ठेवले. अक्कांनी आमच्याकडे पाहिलं, "च..." म्हणाल्या आणि अडल्या. बाहेर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. "च... चा..." त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं होतं. मी तोंड उघडलंही, तेवढ्यात साडूंचा हात माझ्या गुडघ्यावर येऊन पडला. शब्द त्यांच्याही ओठांशी आला असणार, पण त्यांनी तो गिळला. अक्कांच्या कपाळावर घाम आला. मध्येच "चादर" असा भलताच शब्द निघाला, तो त्यांनी स्वतःच मान हलवून नाकारला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. साडू त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. त्यांना इतकं सावकाश बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"चा... गरम हाय... तवर... घ्या," अक्का म्हणाल्या. अख्खं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

चहावर केव्हाच साय धरली होती. साडूंनी कप उचलला, "व्हय, लई गरम हाय," म्हणाले, आणि त्या गार चहावर त्यांनी हळूच फुंकर घातली.