सव्वा महिन्याचं पथ्य

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. कस्तुराबाई त्यांचं नाव. बहात्तरच्या दुष्काळात साठी ओलांडलेली ही बाई मुरुम गावाजवळच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. त्यातच त्यांना नागीण उठली. पाठीपासून बरगडीपर्यंत फोडांचा पट्टा, नुसती आग.

नागीण उतरवायला गावात केशरबाई होती. आत्याबाईंची जिवाभावाची मैत्रीण, दोघींचं माहेरही एकच. तिनं काव लावली, मंत्र पुटपुटला आणि बजावलं, "सव्वा महिना तेल-गूळ बंद. पथ्य मोडलं तर नागीण आत शिरती बघ."

फोड वाळले तशा आत्याबाई परत कामावर गेल्या. तिथं मजुरांना तेल-गूळ घातलेली सुकडी वाटायचे. आपला वाटा त्या पदराला बांधून नातवंडांसाठी आणायच्या. सव्वा महिना सरला, कातडी स्वच्छ झाली, पण आग तशीच. चोळीचा काठ लागला तरी विव्हळायच्या. शेवटी त्यांनी केशरबाईलाच कारण विचारलं. आता ती आपल्या विद्येला बट्टा लागू देते होय! पाण्याच्या टँकरपाशी चार बायांत म्हणाली, "नातवंडांचं नाव सांगून कस्तुरानं वाटंतच सुकडी खाल्ली. मग दुखंल न्हाय तर काय?"

दुष्काळात म्हातारीवर याहून वाईट आळ नव्हता. आणि मी दीडशहाणी! दुसऱ्या दिवशी पदराची गाठ हातात घेऊन वजन जोखलं. आत्याबाईंनी ते पाहिलं. "म्या खाल्ली न्हाय गं," एवढंच म्हणाल्या. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आठ वर्षं त्यांनी ती आग काढली. आमचे हे, बब्रुवान, साखर कारखान्यात लागले तेव्हा तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "आजी, फोड जातात, पण आतली नस दुखावलेली राहते. म्हातारपणी जास्तच. खाण्याचा काही संबंध नाही." रोज झोपताना घ्यायची गोळी दिली. आग सगळी गेली नाही, पण दीड-दोन महिन्यांत आत्याबाई चोळी घालून झोपायला लागल्या.

पुढच्या वर्षी केशरबाईलाच नागीण झाली. फोड गेले, आग राहिली. एका दुपारी ती मागच्या दारानं आली.

"कस्तुरा, तुझ्या डाक्टरकडं ने मला. पन कुनाला कळू देऊ नगंस."

"बब्रुवान नेतोय की. तू तेवढं चार बायांत सांग, कस्तुरानं सुकडी खाल्ली नव्हती म्हनून."

केशरबाई बरगडी धरून उठली आणि मागच्या दारानंच गेली.

आत्याबाईंना कुठलं राहवतंय! सकाळी अट सोडून त्यांनीच ह्यांना तिच्याकडं धाडलं. केशरबाईच्या ओट्यावर शेजारणी बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघत ती ह्यांना म्हणाली, "दवाखाना कशाला रं बाबा? म्या पथ्य पाळलंय. मला कुठं काय दुखतंय?"

ह्यांनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"आठ वर्सं आग सोसली गं," त्या मला म्हणाल्या, "पन आजच्याएवढं कदी दुखलं न्हाय."