दोन भाऊ, दोन मेणबत्त्या आणि एक पाऊस

गेल्या रविवारी आमच्या ठाण्यात दुपारच्या आत धो धो पाऊस झाला. पाऊस सगळ्यांनीच पाहिला म्हणा... पण तो मागवला कोणी, हे मला ठाऊक आहे!

आमच्या स्टेशनवर इनास नावाचा सांधेवाला आहे. मी तारेच्या खोलीत बसतो, तो बाहेर रुळांचे सांधे बदलतो. खाडीकडच्या ख्रिस्ती गावात त्याचं घर आणि थोडी भातशेती. धाकटा भाऊ दुमिंग शेजारीच राहतो.

इनासची जमीन जरा उंचावर. तिथे हळवं भात, ते लवकर पिकतं. त्याने ते कापून शेतातच पसरून ठेवलं होतं, वाळायला. नाताळानंतर त्याच्या मुलीचं, रोजाचं लग्न आहे. गावजेवणाचा सगळा तांदूळ त्या शेतात उघड्यावर पडलेला.

दुमिंगचं शेत खोलगट. तिथे गरवं भात, उशिरा पिकणारं, दाणा अजून दुधातच. त्याला एक चांगला पाऊस हवाच होता, नाहीतर वर्षभर पेज पिऊन राहायची पाळी.

म्हणजे थोरल्याला ऊन हवं आणि धाकट्याला पाऊस... बांध मात्र एकच.

हे दरवर्षीचंच. पण यंदा गावात गोव्याकडून नवे पाद्री आले. त्यांनी उपदेशात सांगितलं म्हणे, की पूर्ण विश्वासाने मागा, देव तुमची कणगी भरेल. आणि ज्याची भरणार नाही, त्याने आपला विश्वास तपासून पाहावा.

झालं! इनासने हातभर लांबीची मेणबत्ती लावली. ती पाहून दुमिंगने दीड हाताची आणली. दोघे चर्चमध्ये दोन टोकांना गुडघे टेकायला लागले, आणि एकमेकांशी बोलायचेच बंद झाले.

मला आधी गंमत वाटली. एकेरी रुळावर दोन्हीकडून गाड्या सोडल्या तर काय होतं, ते आम्हा रेल्वेवाल्यांना कोणी सांगायला नको. आता वरचा स्टेशनमास्तर काय करतो, ते बघायचं... मी आपला मजेत होतो.

इनास मात्र सुकत चालला होता. एकदा कंदिलाची काच पुसता पुसता म्हणाला, "मास्तर, भात भिजला तं लगीन फुडं ढकलीन. पन गाव बोलल ना, इनासचा विश्वासच नाय. ते कुठं ढकलू?"

तार आली म्हणून आत गेलो.

रविवारी त्यांचा नव्या कणसांचा सण होता. घरटी एकेक जुडी चर्चमध्ये नेतात, पाद्री तिला आशीर्वाद देतात, मग ती दाराला बांधतात. इनासने आग्रहाने बोलावलं, म्हणून गेलो. आत काही गेलो नाही, पायरीखाली जोडे घालूनच उभा राहिलो. तिथून आतलं सगळं दिसत होतं. इनास एका टोकाला, दुमिंग दुसऱ्या टोकाला, दोघांच्या हातात जुड्या.

पाद्रींनी पाणी शिंपडायला हात उचलला आणि खाडीच्या बाजूने गडगडलं...

इनासने डोळे मिटून घेतले. तो जागचा हललाच नाही. लोक दुमिंगकडे बघायला लागले, कारण जिंकला तो होता.

दुमिंगने हातातली जुडी बाकावर ठेवली आणि तो उठला. भर प्रार्थनेत, पाद्रींकडे पाठ करून, सरळ दाराबाहेर! माझ्या अंगावरून गेला तेव्हा ओरडत होता, "चला रं, दादाचा भात!"

मग काय, सगळं गावच त्याच्यामागे. सणाची लुगडी नेसलेल्या बायका, म्हातारे, पोरं... शेवटी पाद्रीसुद्धा, झगा कमरेला खोचून. मीही धोतराचा काचा मारला आणि पळालो. माझ्यासारख्या ब्राह्मणाच्या डोक्यावर भाताचा भारा बघून रोजा भर गडबडीत हसली.

निम्म्याहून जास्त भात छपराखाली आलं, तोवर पावसाने गाठलंच. उरलेलं भिजलं. इनासच्या बायकोने लगेच ठरवून टाकलं, भिजलेल्याचे पोहे कांडायचे. नाहीतरी पोह्यांसाठी भात भिजवावंच लागतं.

दुमिंग पडवीत पाणी निथळत बसला होता. मला राहवेना. विचारलं, "अरे, तुझं मागणं तर देवाने ऐकलं. मग तू कशाला धावलास?"

त्याला माझा प्रश्नच कळला नसावा. म्हणाला, "पाऊस मीच मागितला ना मास्तर... मंग भारं उचलाला कोन जानार?"

पाद्री शेजारीच डोकं पुसत होते. त्यांनी ऐकलं आणि पुसायचे थांबले. विश्वासाच्या मापाबद्दल त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. इनासने मात्र धाकट्याने बांधलेला एक भारा उचलून पाहिला आणि "किती ढिला बांधलाय रं," म्हणून त्याला शिव्या घातल्या. दुमिंगनेही उलट घातल्या. माझ्या जिवात जीव आला.

लग्न ठरल्या दिवशीच आहे. भाताऐवजी पंगतीला थोडे पोहे वाढतील, एवढंच. काल इनासने मलाही पुडीभर दिले. आईने विचारलं, कुठले? म्हटलं, देवाघरचे. खोटं नाही सांगितलं.

मागणं पुरं झालं की देवळात जाऊन नवस फेडायचा, एवढंच मला लहानपणापासून माहीत. दुमिंग देवळातून उठला आणि भावाच्या शेतात जाऊन फेडून आला.