भिंगरीताईची रजा

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या बाईला सगळे भिंगरी म्हणतात. नाव तिच्या आईनंच ठेवलं, ती जेमतेम चालायला लागली तेव्हा. मी वयानं लहान, म्हणून भिंगरीताई म्हणते. ती ॲम्ब्युलन्स चालवते. उमेदीची सगळी वर्षं तिनं हेच काम केलं, आणि माझ्या मते त्या कामानं तिच्या पायाची भिंगरी पार डोक्यात नेऊन बसवली. चहा ती उभ्यानंच पिते. लिफ्ट जरा रेंगाळली की जिन्यानं सुटते. आपण बोलताना अडखळलो तर आपलं वाक्य तीच पुरं करते, वर उत्तरही देऊन मोकळी होते.

मागच्या वर्षी तिला सक्तीची रजा मिळाली. झालं असं की, एका पेशंटला पोचवून ती रिकामी गाडी घेऊन परत येत होती. चौकात लाल दिवा लागला आणि तिचा हात आपोआप सायरनच्या बटणावर गेला. गाड्या भराभर बाजूला झाल्या, ही निघून आली. कुणीतरी तक्रार केली. तिच्या ऑफिसातल्या साहेबीण बाईंनी तिला बोलावलं.

"गाडीत पेशंट कोण होतं?"

"कुणी नाही."

"मग घाई कुणाला होती?"

"मला," भिंगरीताई म्हणाली.

खोटं बोलायला तिला वेळच नसतो. साहेबीण बाईंनी कपाळाला हात लावला, साचलेल्या रजेतली तीन आठवड्यांची रजा तिच्या गळ्यात घातली आणि म्हणाल्या, "कुठंतरी जा. आणि हळू जा."

घरात बसून तिनं दोन दिवसांत माळे साफ केले, पंखे पुसले, माझाही एक पंखा पुसला. मग छोट्या गाडीची मागची सीट काढली, तंबू, स्टोव्ह, घडीची खुर्ची आणली आणि जाहीर केलं की मी एकटी फिरायला जाणार. रात्री तंबूत राहणार, दिवसा प्रेक्षणीय स्थळं बघणार, आणि वाटेत ओळखीची माणसं भेटतील त्यांना भेटणार.

तिच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर डबे ठेवलेले.

"हे तळं. पाऊण तास," तिनं बोट ठेवलं.

"पाऊण तासात काय करणार?"

"बघणार."

"आणि बघून झाल्यावर?"

"हा धबधबा."

मी म्हटलं, "अगं, ही सहल आहे की ड्यूटी?" तिनं ऐकलंच नाही. तळं, धबधबा, गुहा, जुना दीपस्तंभ अशी ती बोट पुढे पुढे नेत होती. माणसं तीनच होती. पहिली तिची थोरली बहीण, अक्का. दुसरा एका हायवेवरच्या गावातला पाववाला. काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका पेशंटला घरी सोडून परतताना तिला या गावातून कॉल आला होता. भट्टीसमोर छातीत कळ येऊन पडलेल्या त्या माणसाला तिनं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचवलं. तो वाचला, आणि तेव्हापासून दर वर्षी फोन करून म्हणतो, "एकदा याच." ही दर वर्षी म्हणते, "बघू."

तिसऱ्या गावावर तिनं साखरेचा डबा ठेवला होता. नकाशा हलवताना तो डबा कधी या टोकाला जायचा, कधी त्या.

"आणि हा?" मी विचारलं.

"तो शेवटी. जमलं तर."

तिथं हाफ डॉक्टर राहायचा. तो डॉक्टर नव्हता. ॲम्ब्युलन्समध्ये मागे पेशंटजवळ बसणारा तिचा जोडीदार होता. ऑक्सिजन लावणं, नाडी बघणं, रक्त थांबवणं हे सगळं तो इतक्या निगुतीनं करायचा की हॉस्पिटलातल्या नर्सनीच त्याला हे नाव दिलं. ही पुढे, तो मागे, मध्ये वीतभर सरकती खिडकी. वर्षानुवर्षं त्या खिडकीतून दोघं एकमेकांशी भांडत आले. मग, पाववाल्याच्या त्या फेरीनंतर काही महिन्यांतच, एका सोमवारी तो आलाच नाही. राजीनामा परस्पर ऑफिसात पोचला होता. हिला ना फोन, ना निरोप. पुढे कुणाकडून तरी कळलं की त्यानं रोपवाटिका काढली आहे. त्याचा विषय निघाला की ती उठून भांडी घासायला लागायची.

तर ती निघाली. अक्काकडे ती रात्रभर राहणार होती. अक्कानं गादी घालून ठेवली होती, सूप केलं होतं. भिंगरीताईनं उभ्याउभ्या सूप प्यायलं, अक्काचा गळका नळ घट्ट केला, भाच्याच्या परीक्षेची चौकशी केली आणि चावी हातात घेतली.

"बूट तरी काढले होतेस का गं?" अक्का म्हणाली.

"तळ्यावर उजेडात पोचायला हवं."

"तळं कुठं पळून जातंय? मी म्हातारी होत चाललेय, माझं बघ."

अक्का हे हसत म्हणाली, पण म्हणाली. भिंगरीताईला ते गाडीत बसल्यावर लागलं. एकदा गाडी वळवावी असंही वाटलं. तेवढ्यात हायवे आला.

तळ्याकाठच्या मैदानात आणखी दोन-चार कुटुंबं तंबू ठोकून होती. माणसं पाण्याकडे तोंड करून निवांत बसली होती. हिनं गाडी लावली ती नाक रस्त्याकडे करून, चावी फिरवली की निघता यावं अशी. खुर्ची मांडली, बसली. उठली. तंबूचा दोर ताणला. पुन्हा बसली. शेजारच्यांचा स्टोव्ह जरा जास्तच भडकतोय असं वाटून त्यांना सांगून आली. त्यांची आजी तळ्याच्या पायऱ्या उतरत होती, ही तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिली. कुणाला काही होत नव्हतं. सगळे धडधाकट होते, हसत होते, आणि त्यामुळे हिला हातांचं काय करावं ते कळेना. सूर्य पाण्यात उतरत असताना तिनं मला फोन केला.

"कसं आहे तळं?"

"मोठं आहे," ती म्हणाली. "इथं रेंज बरी आहे."

पहाटे तंबू गुंडाळून ती धबधब्यावर गेली, तर फाटक अजून उघडायचं होतं. तिनं कठड्यावरून डोकावून बघितलं. पाणी पडत होतं. रखवालदार म्हणाला, थोडं थांबा, आतून छान दिसतं. ही तोवर गुहेच्या वाटेला लागलेली. गुहेत मार्गदर्शकाच्या पुढं चालून ती बाहेर आली, दीपस्तंभाच्या पायऱ्या धावत चढली नि धावत उतरली. आठवडाभर पुरेल म्हणून आखलेलं सगळं तिनं तिसऱ्या दिवशी दुपारी संपवून टाकलं आणि रस्त्याकडेच्या टपरीजवळ गाडी थांबवून नुसती उभी राहिली.

"बघून झालं सगळं," तिनं मला फोनवर सांगितलं. आवाजात एक घाबरल्यासारखा सूर होता, जो मी आधी कधी ऐकला नव्हता.

"मग आता ये घरी."

"घरी काय करू?" मग थोड्या वेळानं, "पाववाल्याकडे जाते. चहा घेऊन निघेन."

पाववाल्याचं दुकान गावाच्या मधोमध होतं. पुढे काउंटरवर त्याची बायको, मागे भट्टी, आणि भट्टीपाशी कोपरापर्यंत मैद्यानं माखलेला तो. चांगला उंच, पोट सुटलेला. हिनं आपण कोण ते सांगितलं तसा तो हात पुसायचं विसरून तिच्याकडे बघतच राहिला.

"मी तुम्हाला पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. "त्या दिवशी नुसता आवाज ऐकला होता. 'धरून ठेव रे त्यांना, वळण आहे.'"

चहा आला, गरम पाव आले. तिनं घाईघाईनं कप संपवला. उठणार एवढ्यात त्यानं हात पुढे केला.

"चावी द्या."

"कसली?"

"तुमच्या गाडीची. त्या रस्त्यानं मला तुम्हाला न्यायचंय. गेली कित्येक वर्षं म्हणतोय."

भिंगरीताई जन्मात कधी चालकाच्या शेजारी बसली नव्हती. ती बसली. पाववाल्यानं आरसा नीट केला, सीट मागे केली, पट्टा लावला, पुन्हा आरसा नीट केला आणि गाडी अशी काही चालवायला लागला की सायकलवाले पुढे जाऊ लागले. हिचा उजवा पाय नसलेला ॲक्सिलरेटर दाबत होता. मागून हॉर्न वाजत होते. हिला वाटलं, दार उघडून चालायला लागावं, लवकर पोचू.

"अहो, जरा दाबा की!"

"दाबायचं नाही. बघायचं. हा बघा पूल."

पूल होता. खाली आटलेली नदी, त्यात दोन म्हशी. पुढं झाडांची लांब रांग लागली, मग वीटभट्टी. हा रस्ता तिनं किती वेळा कापला होता, पण तिला आठवत होते ते फक्त खड्डे आणि वळणं.

"त्या दिवशी मी फक्त गाडीचं छत बघितलं," पाववाला म्हणाला. "मागच्या काचा दुधी. मला वाटत होतं, संपलं. पण तुमचा तो माणूस छातीवर हात ठेवून सारखा सांगत होता. आता पूल आला. आता झाडं लागली. सावली आली बघा. आता वीटभट्टी. मी त्याच्या आवाजाला धरून धरून पुढं सरकत होतो."

सायरनमुळे मागचं तिला कधीच ऐकू यायचं नाही. खिडकी फक्त कामापुरती उघडायची.

"बरा झाल्यावर मी मुद्दाम या रस्त्यानं आलो," तो पुढं म्हणाला. "पूल होता. झाडं होती. पण तो म्हणाला होता, टेकडीवर पांढरं घर आहे, गच्चीत एक बाई कपडे वाळत घालतेय, लाल चादर आहे, वाऱ्यानं तिच्या तोंडावर येतेय. मला त्या चादरीचं हसू आलं होतं, एवढ्या कळा येत असताना." त्यानं गाडी बाजूला घेतली आणि समोर बोट दाखवलं. "ही टेकडी. सांगा, कुठंय घर?"

टेकडी बोडकी होती. दगड आणि वाळलेलं गवत.

"पूल आवाजावरून कळतो," भिंगरीताई हळूच म्हणाली. "झाडं सावलीवरून, वीटभट्टी वासावरून. घर त्यानं..."

पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही, आणि पाववाल्यानंही केलं नाही. दोघं बराच वेळ त्या टेकडीकडे बघत बसले.

निघताना पाववाल्यानं कागदात बांधलेले पाव तिच्या हातात दिले. "त्याला द्या. कुठं असतो तो?"

"माहीत आहे," ती म्हणाली.

पोचवायला काहीतरी हाती आलं म्हणताच तिच्या अंगात वारं भरलं. पाव मऊ असेतो पोचवायचे म्हणून ती अशी सुटली की मधल्या गावांची नावंही तिला सांगता आली नाहीत.

हाफ डॉक्टर रोपवाटिकेत उलट्या क्रेटवर बसून रोपं पिशव्यांत भरत होता. दाढी वाढलेली, नखांत माती. हिला बघून तो उठला.

"पाव दिलेत," ती म्हणाली.

"कुणी?"

"हायवेवरचा पाववाला. छातीत कळ आली होती तो. टेकडीवर घर बघितलेला."

हाफ डॉक्टर पुन्हा क्रेटवर बसला. "जगला?"

"जगला. पोट सुटलंय चांगलं."

त्यानं पुडा उघडला, एक पाव हातात घेऊन नुसता दाबून बघितला. मग म्हणाला, "सगळ्यांना सांगायचो मी असं. कुणाला घर, कुणाला जत्रा, कुणाला पतंग. आडव्या माणसाला काहीतरी पुढं येतंय असं वाटलं पाहिजे ना. मग एकदा एक म्हातारी विचारत होती, आता काय आलं रे बाबा, आता काय आलं? मला सुचलंच नाही. काहीच नाही. ती विचारत राहिली आणि मी तिच्याकडे बघत राहिलो. हॉस्पिटल येईपर्यंत." त्यानं पाव परत कागदात ठेवला. "त्यानंतर दर फेरीला तसंच. तोंड उघडायचं नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, चल, कॉल आलाय. आणि मी चढलो असतो."

हे खरं होतं, म्हणूनच तिला संताप आला. कुंड्यांच्या दोन रांगांमधून ती येरझारा घालायला लागली. बोलत होती, हातवारे करत होती. "एवढी वर्षं! अरे, मी त्या खिडकीकडे बघून आजही तुझंच नाव घेते. मागे नवीन माणूस बसलाय, त्यालाही आता त्याची सवय झालीय. मला वाटलं मी काही केलं. मला वाटलं माझ्या गाडी चालवण्याला कंटाळलास."

"त्याला कंटाळलोच होतो," तो म्हणाला. "पण त्यासाठी नोकरी सोडली नसती."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून अजून राग आला.

"बस जरा," तो म्हणाला.

"नाही बसत."

"बरं, उभी राहा. पण राहा."

ती राहिली. रोपवाटिकेच्या कोपऱ्यात तंबू ठोकून तीन दिवस राहिली. निवांत राहिली असं म्हणणं खोटं ठरेल. पाण्याचा पाइप हातात घेऊन तिनं सगळी रोपं दोनदा भिजवली, निवडुंगही भिजवले, त्यावरून शिव्या खाल्ल्या. गिऱ्हाइकांना भाव चुकीचे सांगितले. संध्याकाळी दोघं पायरीवर चहा घ्यायचे तेव्हा ती मधूनच उठायची, फाटकापर्यंत जाऊन यायची, आणि तो तिच्या कपावर बशी झाकून ठेवायचा. परत कामावर येतोस का, असं तिनं एकदा विचारलं. तो नाही म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

परतताना ती अक्काकडे गेली, बूट काढले आणि दोन रात्री झोपली. अक्कानं मला फोन करून विचारलं, "हिची तब्येत बरी आहे ना?"

रजा संपण्याआधीच ती कामावर हजर झाली. गाडी आजही ती तशीच हाणते. फक्त आता मधली खिडकी सताड उघडी ठेवते आणि सायरनच्या वर आवाज चढवून ओरडत असते, आता पूल आला, आता शाळा सुटलीय, आता फुगेवाला आहे कोपऱ्यावर. मागच्या नवीन माणसाला पहिले काही दिवस वाटलं की बाईंना रजा मानवली नाही. फुगेवाला खरोखर होता का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "रस्त्यावर लक्ष असतं माझं, फुगे कोण बघतंय?"

गेल्या महिन्यात पाववाला रोपवाटिकेत जाऊन आला. दोघं दिवसभर बोलत बसले म्हणे, आणि येताना त्यानं दुकानापुढं लावायला दोन झाडं आणली. भिंगरीताईलाही बोलावलं होतं, पण तिला सुट्टी मिळाली नाही. त्या दिवशी कामावरून आल्यावर तिनं आमचा जिना तळापासून वरपर्यंत धुऊन काढला. मी दार उघडून म्हटलं, अगं, कालच झाडला होता. ती म्हणाली, "पाय उचल," आणि बादली घेऊन वरच्या मजल्यावर गेली.