किल्लीवाला जिवंत आहे

आमच्या संस्थेत तिला सगळे लालपेन म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिची काही हरकत नव्हती. नाव पडलं ते नोकरी लागायच्याही आधी.

ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. आमची संस्था बायकांना बस आणि ट्रक चालवायला शिकवते. मी तिथं शिकवणीचं वेळापत्रक सांभाळते. एका वर्षी आमचं माहितीपत्रक त्या छापखान्यात छापायला गेलं आणि परत आलं ते लाल शाईनं माखून. शुद्धलेखन सुधारलं होतंच, पण जिथं जिथं 'बिचाऱ्या महिला' असं होतं, तिथं तिथं काट मारून बाजूला लिहिलं होतं, 'बस चालवणारी बिचारी कशी? मग आत बसलेल्यांना काय म्हणायचं?' छापखान्याच्या मालकानं तिला झापलं आणि आमच्या संचालकांची माफी मागितली. संचालकांना आम्ही सर म्हणतो. सर हसले आणि म्हणाले, "या बाईला माझ्याकडे पाठवून द्या."

अशी ती आली. पद मिळालं 'प्रसिद्धी सहायक'. सहायक कोणाची, ते कोणीच सांगू शकलं नाही, कारण प्रसिद्धी विभागात दुसरं माणूसच नव्हतं. टेबल मिळालं जिन्याखाली. तिथं उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून ती बसूनच भांडायची.

भांडायला कारणं रोज मिळत. घरी आई विचारायची, "अगं, पण तू नेमकं करतेस काय? शिकवत नाहीस, गाड्या दुरुस्त करत नाहीस. मग पगार कशाचा?" ऑफिसातही फार वेगळं नव्हतं. आमचे प्रशिक्षक तिच्याकडे असे बघत, जणू काम ते करतात आणि ही नुसती फोटो काढते. सर तर सभेत सरळ म्हणायचे, "आपल्याला जाहिरात करायची गरज नाही, आपलं काम बोलतं." एकदा तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "कोणाशी बोलतं, सर? गेल्या तुकडीतल्या निम्म्या बायका घरी बसून आहेत. कोणी नोकरीला घेत नाही. काम बोलतंय तर जरा मोठ्यानं बोलायला सांगा त्याला." सरांनी पुढचा विषय घेतला.

पण ती नुसती भांडत बसली नाही. संध्याकाळी एका महाविद्यालयात जाऊन जनसंपर्काचा अभ्यासक्रम केला. कॅमेरा वापरायला शिकली, फिल्मचे तुकडे जोडायला शिकली. सकाळी शिकवणीच्या गाडीत मागच्या बाकावर जाऊन बसायची, गचके खात टिपणं काढायची. बायका काय बोलतात, कशावर हसतात, चढावर गाडी बंद पडली की कोणाला शिव्या घालतात, सगळं ऐकायची. आणि मग तिनं लिहायला घेतलं. सेवा, त्याग, उद्धार हे शब्द टाकून दिले. एवढी मोठी बस अरुंद गल्लीत मागे कशी घेतात, हे तिनं एका वर्तमानपत्रात असं काही लिहिलं, की लोक मैदानावर बघायला यायला लागले. परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याच्या ती इतकी मागे लागली, की तो एकदा स्वतः येऊन आमच्या बाईच्या गाडीत बसला. उतरताना म्हणाला, "आमच्या लोकांपेक्षा ब्रेक बरा लावते." त्या वर्षी शहराच्या बसवर आमच्या पहिल्या बायका लागल्या. त्याचं श्रेय सरांनी भाषणात सगळ्यांना दिलं, अगदी चहावाल्यालासुद्धा. तिचं नाव घ्यायचं राहून गेलं.

त्या दिवशी तिनं सरांच्या खोलीत जाऊन पद मागून घेतलं. 'संपर्क प्रमुख'. टेबलही जिन्याखालून वर आलं. मागून का घेतलंस, आपसूक मिळालं असतं, असं मी म्हणाले, तर माझ्यावरच उखडली. "आपसूक मिळतं ते फक्त काम," म्हणाली.

त्या पहिल्या बायकांपैकी एकीशी तिचं विशेष जमलं. तिला मी ड्रायव्हरबाई म्हणते. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई. नवऱ्याचं कुलपं-किल्ल्यांचं छोटंसं दुकान होतं, फूटपाथला लागून. बायकोची पहाटेची पाळी सुरू झाल्यावर हा किल्लीवाला स्वयंपाक शिकला, मुलीच्या वेण्या घालायला शिकला. वेण्या नेहमी तिरप्या यायच्या. मुलगी तशीच शाळेत जायची आणि कोणी हसलं तर म्हणायची, बाबांनी घातल्यात. लालपेन त्यांच्या घरी जायची, जेवायची, किल्लीवाल्याशी तासन्‌तास गप्पा मारायची.

मग एक मोठी कंपनी पुढे आली. आम्हाला नवं प्रशिक्षण मैदान बांधून देणार होती. अट एकच, त्यांच्या समारंभात दाखवायला एक छोटी फिल्म हवी, आणि ती त्यांचीच जाहिरात संस्था करणार. त्या संस्थेचा माणूस आला. केसांचा डोक्यावर बुचडा बांधलेला, म्हणून त्याचं नाव बुचडा. लालपेननं ड्रायव्हरबाईवर संहिता लिहून ठेवली होती. बाईला लहानपणापासून मोठी गाडी चालवायची हौस, नवऱ्याला त्याचं कौतुक, त्या तिरप्या वेण्या, आणि गर्दीच्या चौकात बस वळवतानाचा तिचा चेहरा.

बुचड्यानं ती वाचली. "छान आहे," म्हणाला, "पण यात टेन्शन नाही."

"तिच्या बसमध्ये उभं राहून चौक ओलांडा," लालपेन म्हणाली. "मग सांगा टेन्शन आहे की नाही."

"मॅडम, मला म्हणायचंय, दुःख नाही. हौस बघून कोणी देणगी देत नाही. काहीतरी गमावलेलं पाहिजे."

"तिनं काही गमावलेलं नाही. कमावलंय. तेच तर सांगायचंय."

बुचड्यानं सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "ते बघतील ना. अंतिम फिल्म तुला दाखवल्याशिवाय बाहेर जाणार नाही, माझा शब्द आहे." त्या शब्दावर ती तयार झाली. चित्रीकरण झालं. ड्रायव्हरबाईनं गणवेश कडक इस्त्री केला होता. किल्लीवाल्याला मात्र त्यांनी एकदाही कॅमेऱ्यासमोर घेतलं नाही. "दुकानाचं नंतर घेऊ," म्हणाले.

फिल्म काही तिला दाखवली गेली नाही. घाई होती, सर म्हणाले. समारंभात ती लागली तेव्हा लालपेन सभागृहाबाहेर पाहुण्यांना बिल्ले वाटत उभी होती. आतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला, एवढंच. त्याच रात्री सरांनीच ती आमच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायला लावली, एका नव्या मुलीकडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी किल्लीवाला आला. मी दारातच होते. त्याला मी नेहमी हसतमुख बघितलेलं, त्या दिवशी चेहरा राखेसारखा होता. सरळ लालपेनच्या टेबलाजवळ गेला.

"ओळखलंत का मला?" तो म्हणाला. "मी वारलोय."

तिला काही कळेना. त्यानं मोबाइल पुढे धरला. फिल्ममध्ये ड्रायव्हरबाई बसच्या काचेतून बाहेर बघत होती आणि मागून एक रडवा पुरुषी आवाज सांगत होता, पतीच्या अकाली निधनानंतर तिच्यावर आभाळ कोसळलं, चिमुकलीला कवटाळून ती रात्र रात्र जागली, आणि मग आमच्या संस्थेनं तिला हात दिला. शेवटी पाटी आली. लेखन, आणि पुढे लालपेनचं पूर्ण नाव.

"सकाळपासून माणसं येतायत दुकानावर," किल्लीवाला म्हणाला. "माझा मेव्हणा रडत आला गावाहून. शेजारची म्हातारी मला बघून किंचाळली. एका गिऱ्हाइकानं विचारलं, दुकान विकायचंय का. पोरीला शाळेत बाई जवळ घेऊन म्हणाल्या, धीर धर. ती घरी येऊन मला विचारते, बाबा, तुम्ही मरणार आहात का. काय सांगू मी तिला?"

तेवढ्यात ड्रायव्हरबाई आत आली. पाळी अर्धी टाकून आली होती, गणवेशातच. ती नवऱ्यापेक्षा जास्त भडकली होती, पण आवाज चढवला नाही.

"ताई, तुम्ही माझ्या घरी जेवलात," ती म्हणाली. "या माणसानं वाढलं तुम्हाला."

"मी हे लिहिलेलं नाही," लालपेन म्हणाली.

"नाव तुमचं आहे."

दोघं निघून गेली. लालपेन उठली आणि सरांच्या खोलीत शिरली. दार लावायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही, किंवा तिनं मुद्दाम लावलं नाही. आम्ही सगळे ऐकत होतो.

सर आधी शांतपणे बोलत होते. झालं ते बरं नाही झालं, पण हेतू चांगला होता. मैदान मिळालं तर शेकडो बायकांचं भलं होईल. त्यासाठी कथेत थोडा बदल झाला तर एवढं आकाशपाताळ एक करायचं कारण नाही.

"थोडा?" लालपेन म्हणाली. "माणूस थोडा मरत नाही, सर."

"आपण पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू."

"आत्ता काढा. आत्ता, आणि माफी मागा."

"कंपनीला काय सांगू? की आम्ही खोटं दाखवलं?"

"हो. तेच झालंय ना?"

"तुला संस्थेचं काही वाटतं की नाही?" सरांचाही आवाज चढला. "सगळं उभं केलं मी, या हातांनी. तू चार बातम्या लिहिल्यास."

"तुम्ही उभं केलंत आणि तुम्हीच त्या बाईला विधवा केलंत. तिच्या नवऱ्याला दुकानावर बसून स्वतःचं सांत्वन ऐकावं लागतंय. माझ्या नावानं." तिचा आवाज फाटला होता. "तुम्हाला जिवंत नवऱ्याची बाई चालत नाही, कारण तिची दया येत नाही. दया आल्याशिवाय तुम्हाला हातच देता येत नाही कोणाला."

ती बाहेर आली. मी पाणी दिलं, तिनं ते तसंच ठेवलं. टेबलाशी बसून तिनं आमच्या पानावरची फिल्म काढून टाकली. त्या जागी तिनं स्वतः काढलेला किल्लीवाल्याचा जुना फोटो लावला, दुकानात बसून हसणारा, आणि खाली लिहिलं: 'किल्लीवाला जिवंत आहे. आमच्या फिल्ममध्ये आम्ही त्याला मारलं, कारण त्याच्या मरणानं जास्त टाळ्या मिळतील असं आम्हाला वाटलं. त्याची, त्याच्या पत्नीची आणि मुलीची आम्ही माफी मागतो.' आणि खाली स्वतःचं नाव.

संध्याकाळपर्यंत ते शहरभर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रवाले दारात. कंपनीनं मैदानातून अंग काढून घेतलं. सरांनी तिला कामावरून काढलं नाही, तेवढा धीर त्यांना नव्हता. तिला परत जिन्याखाली बसवलं आणि काम द्यायचं बंद केलं. आमच्यातलेही बरेच तिच्याशी बोलेनासे झाले. खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकलं असं मला म्हणता येत नाही. मैदान गेलं ते गेलंच. माझ्या तुकड्या आजही त्याच चिंचोळ्या जागेत गाडी वळवायला शिकतात, भिंतीला घासून. एका प्रशिक्षकानं तिला तोंडावर सुनावलं, "तुमच्या खरेपणाची किंमत आमच्या बायका मोजतायत."

"मग तुमच्या बायकांना विचारा," ती म्हणाली, "तुमच्यासाठी कोणाकोणाचे नवरे मारून हवेत ते."

थोड्या दिवसांनी ती नोकरी सोडून गेली. मग बरेच महिने तिला कोणी कामावर घेतलं नाही. मुलाखतीला बोलवायचे, काम बघून खूश व्हायचे, आणि आमच्या सरांना एक फोन केला की गप्प व्हायचे. बाई भांडते, एवढं पुरे होतं. आईनं पुन्हा छापखान्याचं नाव काढलं, तेव्हा घरात मोठं वाजलं. शेवटी मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेनं तिला घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला भांडणारंच माणूस हवंय." तिथं तिनं पहिल्याच दिवशी नियम केला: ज्याची गोष्ट, त्याला ती शब्दन्‌शब्द वाचून दाखवायची, आणि तो हो म्हणेपर्यंत बाहेर जाऊ द्यायची नाही. नको म्हणाला तर फाडून टाकायची. काम सावकाश वाढलं. आज तिच्या हाताखाली माणसं आहेत, दुसऱ्या संस्थांची पोरं तिच्याकडे शिकायला येतात, आणि ती त्यांच्यावर भरपूर ओरडते.

किल्लीवाल्यानं तिला लवकर माफ केलं. ड्रायव्हरबाईनं नाही. लालपेन दोनदा घरी गेली, दोन्ही वेळा तिनं दारातूनच परत पाठवलं. मला हे अन्यायाचं वाटतं. लालपेनला नाही वाटत. "माझं नाव होतं खाली," एवढंच म्हणते.

मागच्या महिन्यात आमच्या सरांना पुरस्कार मिळाला, सामाजिक क्षेत्रातल्या प्रामाणिक संवादासाठी. भाषणात त्यांनी सांगितलं, की आमच्या संस्थेत कोणाचीही गोष्ट त्याला वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जात नाही, हा दंडक मी स्वतः घालून दिला. सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसून राहिले.

घरी जाताना मी लालपेनला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिनं एक शिवी दिली. इतकी वर्षं तिला ओळखते, पण ती शिवी मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. मग म्हणाली, "ठेवते. एक पेशंट आलाय, त्याला त्याचंच वाचून दाखवायचंय," आणि फोन आपटला.