विजेवर चालणारा ढोल, एक नग

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचो. आठ रबरी चौकोनांची चपटी पेटी ती. प्रत्येक चौकोनावर काडी मारली की वेगळा आवाज. आत आवाज भरता येत, कमीजास्त करता येत. हलगी, संबळ, घुंगरू हे सगळं मी महिनोन्‌महिने कान लावून जुळवलं होतं. संबळ मनासारखा लागायला तर एक अख्खा पावसाळा गेला होता. पेटी मुंबईच्या एका वादकाकडून जुनी घेतलेली, त्यामुळे तिचं बिल माझ्याकडे नव्हतं. बिल कधी लागेल असं मनातही आलं नाही.

येवल्याला एका पैठणीवाल्यांच्या घरचं लग्न होतं. दुपारी कार्यक्रम संपला. आम्ही सामान टेम्पोत भरलं, वर ताडपत्री बांधली आणि टेम्पो मंगल कार्यालयाच्या मागच्या गल्लीत उभा केला. तेवढ्यात नवऱ्या मुलीचे काका आले. "पंगत बसली, सगळे चला. जेवल्याशिवाय सोडणार नाही," म्हणाले. आमचे मास्तर, म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, माझ्याकडे बघत म्हणाले, "कोणीतरी थांबा रे इथं."

मीच म्हणालो, "पाच मिनिटांचं काम आहे, मास्तर. भरदिवसा कोण येतंय?"

जिलबीचा आग्रह सुरू झाला आणि पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. परत आलो तर ताडपत्रीची एक दोरी सुटून लोंबत होती. स्पीकर होते, ढोलकी होती, कीबोर्ड होता. माझी पेटी नव्हती.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी कागद पुढे ओढला. "काय गेलं?"

"ऑक्टोपॅड."

"म्हणजे?"

"वाद्य आहे. आठ रबरी पॅड असतात. काडीनं वाजवायचं."

"ताशासारखं?"

"ताशाचाही आवाज येतो त्यातून."

"मग ताशाच की."

"नाही हो, विजेवर चालतं ते."

त्यांनी लिहिलं : विजेवर चालणारा ढोल, चौकोनी, एक नग. मग बिल मागितलं. नाही म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. "वस्तू तुमची कशावरून?"

आमच्या गायिका ताई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, त्याच्यावर एक ते आठ आकडे मी माझ्या हातानं काढलेत. लाल नेलपॉलिशनं. अंधाऱ्या स्टेजवर ह्यांना दिसावेत म्हणून."

हवालदार मनापासून हसले. आकडे काही त्यांनी लिहिले नाहीत.

त्यानंतर मास्तरांनी नियम केले. प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटनं ऑर्केस्ट्राचं नाव. जेवण दोन पाळ्यांत. सामान चढवताना ते यादी मोठ्यानं वाचणार आणि ज्याचं वाद्य त्यानं "आहे" म्हणायचं. माझ्या नावापुढे आता उसनी आणलेली कोंगोची, म्हणजे हातानं वाजवायच्या उंच ढोलांची, जोडी होती. "कोंगो?" "आहे." दर वेळी ते "आहे" म्हणताना माझं डोकं फिरायचं. एक भली जाड साखळी आणि कुलूपही आणलं. सिन्नरच्या कार्यक्रमात वाद्यं स्टेजवर होती, साखळी टेम्पोत पडून होती. तेवढ्यात कोणीतरी ती साखळीच कुलपासकट नेली. बाकीचे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

दीड वर्ष असं गेलं. एका सकाळी शेजाऱ्यांकडे माझ्यासाठी फोन आला. ताई नामपूरला नातेवाइकांच्या लग्नाला गेल्या होत्या. "भाऊ, लगेच निघा," त्या दबक्या आवाजात बोलत होत्या. "तुमची पेटी इथल्या बँडवाल्यांकडे आहे. चार आणि सातचा आकडा अजून दिसतोय. माझंच अक्षर आहे."

मी मिळेल त्या एसटीनं सटाणा गाठलं, तिथून नामपूर. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वरात निघायच्या तयारीत होती. हातगाडीवर बॅटरी, बॅटरीशेजारी माझी पेटी. मागे चाळिशीचा एक दणकट माणूस काड्या घेऊन उभा होता. एरवी तो कांद्याच्या मार्केटात हमाली करायचा आणि लग्नसराईत बँड चालवायचा, हे मला नंतर कळलं.

"ही पेटी माझी आहे," मी म्हणालो.

"हाई आमनं शे," तो अहिराणीत शांतपणे म्हणाला, म्हणजे हे आमचं आहे. मग मी शहरातला दिसल्यावर जरा सावरून बोलला, "मालेगावच्या बाजारात घेतलंय, भाऊ. चारचौघांत घेतलंय. चोरी नाय केली."

वाटेत घोकून ठेवलेलं सगळं मी बोलून टाकलं. येवला, टेम्पो, तक्रार. ताई पुढे झाल्या, पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि पेटीच्या कडेला एक ठिपका दिला. चारच्या आकड्याशी रंग तंतोतंत जुळला. त्या माणसानं चारच्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"मला वाटलं, कंपनीच आकडे टाकून देती," तो म्हणाला. मग म्हणाला, "घेऊन जा. पण वरात उभी हाय. आता ह्याच्याबिगर काय वाजवू?"

"वरात झाल्यावर नेतो."

"मग तुमीच वाजवा ना. मला तरी कुठं नीट येतंय?"

त्यानं काड्या माझ्या हातात दिल्या. दीड वर्षानंतर मी माझ्या पेटीसमोर उभा राहिलो आणि संबळ असलेल्या पॅडवर काडी मारली. भलताच नगारा घुमला. दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं. हलगी गेली होती, घुंगरू गेलं होतं. सगळीकडे तोच नगारा आणि एक शिट्टी.

"जुने आवाज कुठं गेले?" मी जवळजवळ ओरडलोच.

"ते बारीक व्हते," तो म्हणाला. "रस्त्यावर ऐकू येत नव्हते. दुकानवाल्याकडून बदलून घेतले."

त्याच्यावर चिडावं तर त्यानं काय चुकीचं केलं होतं? ज्यानं चोरलं, त्याचं तोंडही मला माहीत नव्हतं. मी तासभर दात आवळून तो नगारा बडवला आणि पोरं बेभान नाचली. वरात मांडवात पोचल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं पेटी गोणपाटात गुंडाळून दिली. "आता पुढच्या लग्नांच्या सुपाऱ्यांचं कसं करायचं आम्ही?" एवढंच त्यानं विचारलं. मी पेटी काखेत मारली आणि एसटी स्टँडकडे निघालो.

चार दिवसांनी पेटी सापडल्याचं कळवायला येवल्याला गेलो. आता खुर्चीवर दुसरे हवालदार होते. त्यांनी दोन रजिस्टरं चाळली. "अशी तक्रारच दिसत नाही. गेल्याची नोंद नाही, तर सापडल्याची कशी करू?" मी म्हणालो, नका करू, आणि बाहेर पडलो.

हलगी मी पुन्हा जुळवली, घुंगरूही जुळवलं. संबळ मात्र पहिल्यासारखा कधीच लागला नाही. दोन हजार सालानंतर कार्यक्रम कमी झाले, तरी मी टेम्पो सोडून पंगतीला बसलो नाही. निफाडला एकदा मुलीचे वडील हात जोडून आले. "आमच्या घरचं अन्न चालत नाही का तुम्हाला?"

"तसं नाही हो, दादा. सामानाजवळ थांबावं लागतं."

"एवढ्या चांगल्या माणसांत कोण हात लावणार आहे?" ते दुखावले होते. ताट त्यांनी पाठवलं, पण पुन्हा माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मी टेम्पोच्या फळीला टेकून उभ्यानं जेवलो. वरण तोपर्यंत गार झालं होतं.