धुतलेलं हाड

मामाच्या टाचेच्या हाडाचा तुकडा आमच्या लॅबमध्ये आला, तेव्हा तो बर्फात होता आणि शेंगदाण्याहून लहान होता. मामा उरणकडचा, सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. मधुमेहामुळे टाचेची जखम हाडापर्यंत पोचली होती. पनवेलच्या हॉस्पिटलमध्ये त्याला शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं. डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, औषध हाडात उतरत असेल तर थांबू. नसेल तर पाय कापावा लागेल.

रक्तातलं औषध मोजणं सोपं असतं. ते हाडात किती गेलं, हे बघायला हाड गोठवून कुटावं लागतं. रुग्ण माझा मामा आहे हे मी आमच्या लॅबप्रमुख मॅडमना आधीच सांगितल्यामुळे मोजणी त्यांनीच केली. मी फक्त कुटून दिलं.

रक्तात औषध भरपूर होतं. हाडात जवळजवळ नव्हतंच.

आईचा फोन आला. तिला मी, अजून काम चालू आहे, एवढंच सांगितलं. पण ती भुकटी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आमच्याकडे येणारं हाड कुटलं की विटकरी दिसतं. हे ओल्या खोबऱ्यासारखं पांढरं होतं. मॅडमना तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ऑपरेशन थिएटरला विचारून घे.

मला फोन करणं जमत नाही. अगदी मराठीत करायचा असला तरी मी आधी मनात वाक्यं जुळवते. तरी केला. तिथल्या नवीन सिस्टर खुशीतच होत्या.

"स्वच्छ मिळालं ना? मुद्दाम सलाइनमध्ये ठेवलेलं. सगळं रक्त निघून गेलं बघा."

"रक्त नुसतं गॉजने टिपायचं असतं," मी म्हटलं. "भिजवलं की औषधही निघून जातं."

मग त्या हळूच म्हणाल्या, "थांबा, मी सरांना सांगते." आणि खरंच सांगितलं.

जखम पुन्हा साफ करायचीच होती. त्या वेळी घेतलेला तुकडा नीट टिपून आला. कुटल्यावर तो विटकरी झाला. मॅडमनी आकडा मला दाखवला. औषध हाडात होतं, हवं तेवढं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि मग आईला फोन केला. या वेळी वाक्यं जुळवली नाहीत.

संध्याकाळी वॉर्डात गेले, तेव्हा डॉक्टर पाय कापायचं रद्द करून गेले होते. आईने मामाला मी थिएटरला केलेल्या फोनची हकीकत रंगवून सांगितली होती.

"ही फोनवर बोलली?" मामा आईला म्हणाला. "मंग माजा पाय बरा हाय. हिलाच दाखव डॉक्टरला."

आई हसता हसता रडायला लागली. मामाने पांघरुणातून पाय बाहेर काढला आणि मला म्हणाला, "ये बाय, बस हितं."

मी पायथ्याशी बसले. बँडेजबाहेर त्याची बोटं दिसत होती, मिठाने कायमची भेगाळलेली. तो ती एकेक करून हलवत होता.