राखेवर ढकललेलं शिसं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, प्रकल्पाच्या मॅडमना तर नाहीच. सांगायला बसले की आधी वीज केंद्राच्या धुराड्यांबद्दलच बोलावंसं वाटतं. चंद्रपुरात ते सोपं आहे — हवेत काहीही सापडो, बोट तिकडे करायचं. मीही तेच केलं.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी हवेतली बारीक धूळ गोळा करत होते. एक यंत्र कॉलेजच्या गच्चीवर, दुसरं मी राहायचे त्या घराच्या. घर सुरेशभाऊंचं. ते मागच्या अंगणात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात आणि मासे धरायच्या जाळ्यांना लावायचे मणी ओततात. माझे बाबा सावली गावाकडे वैनगंगेत जाळं टाकतात, मणी त्यांच्याकडूनच घेतात. त्या ओळखीवर मला खोली मिळाली. वैनी, म्हणजे सुरेशभाऊंची बायको, मला जेवायलाही घरातच बसवायची.

कॉलेजवरच्या यंत्रातला फिल्टर कोळशाच्या ट्रकांमुळे काळाकुट्ट निघायचा. आमचा फिकट राखाडी. पण तपासणीत शिसं निघालं ते आमच्या फिल्टरवर — भरपूर. मॅडम अडखळल्या. "वीज केंद्राच्या राखेतून आलं असतं तर सोबत आर्सेनिकही वाढलं असतं. नुसतं शिसंच कसं? घराजवळ कुणी काही वितळवतं का?"

मी नाही म्हणाले.

का? खोली जाईल म्हणून? बाबांना काय वाटेल म्हणून? असेलही. पण मला जे सांगायचंय ते हे नाही — मी अजून त्याच्याभोवतीच फिरते आहे.

त्याच संध्याकाळी वैनी अंगणात भाजी निवडत बसली होती. शेजारी तिची छकुली, नुकती रांगायला लागलेली, माती उचलून तोंडात घालत होती. गच्चीवरून काढलेला फिल्टर माझ्या हातातल्या डबीत होता, कॉलेजचाही होता. वैनीने दोन्ही पाहिले आणि हसली.

"हा आपला न? पाय बरं, किती साफ हाय! अन् तुह्या कॉलेजचा तर कढईच्या बुडासारखा. मॅडमले म्हन, आमच्या घरी राह्यले या." मग पोरीचं तोंड पदराने पुसत म्हणाली, "काळा नाई, म्हंजे हिले काई डर नाई न?"

शिसं काळं दिसत नाही, हे मला माहीत होतं. लहान मुलांच्या मेंदूचं ते काय करतं, तेही वाचलं होतं — परीक्षेत लिहिलंही होतं.

"नाई वैनी," मी म्हणाले. "काई डर नाई."

महिना संपताच मी खोली सोडली. कॉलेज लांब पडतं, असं सांगितलं. लांब नव्हतं. मी स्वतःला त्या अंगणातून बाहेर काढलं — आणि छकुलीला तिथेच ठेवलं. प्रकल्पात शिशाचा उगम म्हणून राख आणि रस्त्यावरची धूळ लिहिली. चांगले गुण मिळाले.

याला दोन वर्षं झाली. परवा बाबांचा फोन आला. मणी आणायला सुरेशभाऊंकडे गेले होते.

"त्याची पोरगी अजून बोलत नाई, वो. तिच्या वयाची पोरं गोष्टी करून राह्यली. वैनी लय घाबरली. तू येवढी शिकली, तुले काई समजते काय?"

ते शिशामुळेच आहे का, मला माहीत नाही. रक्त तपासलं तर कळेल, हे मात्र माहीत आहे.

मी म्हणाले, "काई पोरं उशिरा बोलतेत, बाबा."